सखुबाईचं पथ्य

बोर्ली पंचतनच्या आतल्या गावात कुणाचं बाळंतपण असो की कुणाला टाके पडलेले असोत, पथ्य सांगायला सखुबाईच लागायची. आणि तिचं पथ्य म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! ओल्या जखमेच्या माणसाला पाणी द्यायचं नाही, जखमेत पू होतो, हे तिला सासूनं शिकवलेलं. स्वतःची बाळंतपणंही बिचारीनं तशीच तहानेनं काढली होती.

तिच्या नवऱ्याला, मोरूला, छातीत कळ आली. शहरातल्या दवाखान्यात मांडीतून नळी घालून हृदयाची चोंदलेली नस उघडली. नस दिसावी म्हणून आत रंगाचं औषध सोडलं होतं. घरी सोडताना नर्सबाईनं बजावलं, "भरपूर पाणी पाजा हं, आजी. आजोबांना साखर आहे. तो रंग किडनीतून निघून गेला पाहिजे."

सखुबाईनं मान डोलावली. मनात म्हणाली, कालची पोर ही, हिला काय कळतंय!

घरी मोरू पाणी मागायचा. ती चमच्यानं नुसते ओठ ओले करायची.

"सखू, घशाला कोरड पडली गं. घोटभर तरी दे."

"वाईच कळ काढा. जखम ओली हाय अजून."

आता काय म्हणावं या बाईला! नवऱ्यावरून जीव ओवाळून टाकणारी, आणि त्याच मायेनं त्याचा तांब्या उचलून आत ठेवत होती. मांडीची जखम सुकली तेव्हा शेजारणीला बोलावून तिनं कौतुकानं दाखवली.

मग मोरूचे पाय सुजले, लघवी थेंबावर आली. लेक विनेशनं दोघांना परत दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "किडन्या निकामी झाल्यात. साखरेनं आधीच अधू होत्या, त्यात हा रंग. पाणी प्यायला सांगितलं होतं ना?"

डॉक्टरांनी सखुबाईकडं पाहिलं. तेवढ्यात खाटेवरून मोरू बोलला, "हिनं लई सांगितलं, डॉक्टर. मीच प्यालो न्हाय."

डॉक्टर त्याच्यावर चिडले. तिला ते सोसवेना.

"खोटं बोलतायत! हात जोडून मागत व्हते. मी दिलं न्हाय!"

"गप गं," मोरू म्हणाला. "तुझ्या मनात काय वाईट व्हतं?"

आता माणगावला डायलिसिस चालू आहे. अंगात पाणी साठतं म्हणून डॉक्टरांनीच ते मोजून द्यायला सांगितलंय. मोरू मात्र दुपार झाली की वाट्याचं पाणी संपवून आणखी मागतो. सखुबाई पदर तोंडात धरून लेकाला हाक मारते, "विनेश, तूच सांग रं त्यांना न्हाय म्हणून. माज्या तोंडातून निघत न्हाय."