फट नसलेली वाट

फळीमावशीने सख्ख्या बहिणीला चाकांच्या खुर्चीसकट दलदलीत ढकललं, असं गावभर झालं होतं. पलीकडच्या काठावर गळ टाकून बसलेल्यांनी म्हणे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. खुर्ची, खुर्चीत निळ्या शालीत गुंडाळलेली ताई, मागे फळीमावशी. मग एक आवाज, आणि काळं पाणी पुन्हा मिटलेलं. "किंचाळलीसुद्धा नाही हो बिचारी," असं सांगताना न्हावी वस्तरा नेमका गिऱ्हाइकाच्या गळ्यावर थांबवायचा.

किंचाळणार कशी? शालीत खडीची पोती होती. खरी ताई अलीकडच्या काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून अशा शिव्या देत होती की पलीकडे ऐकू गेल्या नाहीत हे गळवाल्यांचं नशीब.

फळीमावशी वनखात्यात लागली ती ओंडके वाहायला. पुढे खात्याने ठरवलं, जंगलातून तळ्यापर्यंत अशी वाट करायची की खुर्चीवरचा माणूस, काठीवाला, बाबागाडी ढकलणारी आई, कुणीच अर्ध्यातून परत फिरू नये. आणि दलदलीवर भराव टाकायचा नाही, म्हणजे तिथलं गवत नि बेडूकही जगतील. म्हणून पाण्यात खांब, खांबांवर फळ्या. हे काम मावशीने अंगावर घेतलं, कारण ताई. ह्याच तळ्यात ताईने तिला मानगूट धरून पोहायला शिकवलं होतं. पाय गेल्यापासून ताईने ते पाणी पाहिलं नव्हतं.

पहिला तुकडा झाल्यावर मावशीने तिला फिरवून आणलं. दर फळीनंतर बोटभर फट, तसा नियमच होता.

"धाकटे, ही वाट आहे का मक्याचे दाणे सोलायचं यंत्र? दात वाजतायत माझे!"

झालं. मावशीने तो तुकडा उखडला आणि सगळ्या फळ्या एकमेकींना चिकटवून ठोकल्या. फट कशासाठी असते हे तिला ठाऊक होतं. पण ताईचे दात होते ना! वाट झाली कॅरमच्या पाटासारखी. ताई डोळे मिटून पार शेवटच्या वळणापर्यंत गेली आणि म्हणाली, "लोणी, लोणी."

मग ओले महिने आले. फळ्यांवर पडलेलं पाणी जाणार कुठे? तिथेच बसून राहिलं, पाहुण्यासारखं. ऊन पडल्यावरही वाट वाळेना. शेवटच्या वळणावर एक वास यायला लागला, बंद ट्रंकेतल्या जुन्या कपड्यांसारखा. तिथल्या कठड्यावर बगळे बसेनासे झाले. मावशी टाच आपटत चालायची; लाकूड 'टण्' म्हणालं की ठीक. त्या वळणावर ते 'भद्' म्हणालं. ती पालथी पडली, फळीखाली हात घातला. लाकूड ओल्या पावासारखं बोटांत आलं.

उद्घाटन रविवारी. ताईसारख्यांच्या बसगाड्या येणार, आणि सगळ्यात पुढे ताईच असणार होती.

"म्हणजे कसंय मावशी," साहेब म्हणाले (साहेबांचं प्रत्येक वाक्य इथूनच निघतं), "वरून तर ठणठणीत दिसतंय. फळीबिळी सोमवारी बघू."

"सोमवारी फळी बघाल साहेब. माणसं कुठे बघणार?"

"म्हणजे कसंय, निमंत्रणं गेलीत."

ताई तर साहेबांच्या वरताण. "माझ्यासाठी वाट केलीस आणि आता मलाच आडवी होतेस? रविवारी मी पाण्यात हात घालणार. तू वाटेवर बांबू लाव नाहीतर भिंत बांध."

दुसऱ्या दिवशी मावशीने दोघांनाही काठावर बोलावलं, ताईला उचलून प्लास्टिकच्या खुर्चीत ठेवलं आणि तिच्या चाकांच्या खुर्चीत खडीची पोती भरायला लागली.

"एवढी? मी माणूस आहे का रेडा?"

"अजून एक राहिलंय, ताई."

पोती घसरू नयेत म्हणून तिने ताईचीच शाल त्यांना घट्ट आवळली. लांबून हुबेहूब ताई. साहेब हसले, आणि हसणं अर्ध्यात गिळलं.

खुर्ची निघाली. काही खडखड नाही. लोण्यावरूनच चालली होती. वळणाच्या तोंडाशी मावशीने तिला जोरात पुढे ढकललं आणि स्वतः मागे सरली. खुर्ची त्या जागेवर जाऊन थांबली. काहीच झालं नाही.

"बघ!" ताईने टाळी वाजवली.

फळी मोडली नाही. ती खाली बसली, थकलेलं माणूस बसतं तशी, सावकाश. तिच्या शेजारची बसली, मग तिच्या शेजारची. खुर्ची एका अंगावर कलली, शालीचं टोक वर उचललं गेलं, आणि पाण्याने सगळं आत घेतलं. बुडबुडासुद्धा आला नाही.

ताईच्या शिव्या बराच वेळ चालल्या. खुर्चीला, साहेबांना, बेडकांना. मग एकदम थांबल्या.

"फट ठेवायची असते ना गं?"

"हो."

"मग का नाही ठेवलीस?"

"तुझे दात वाजत होते."

"चुलीत घाल माझे दात," ताई म्हणाली. आवाज मात्र तिचा वाटला नाही. "सगळी उखड."

साहेब या वेळी 'म्हणजे' एवढंच म्हणाले.

सगळी उखड म्हणणं सोपं. मी तिच्या हाताखाली फळ्या धरणारी, तरी मावशीला तोंडावर म्हटलं, वळण तेवढं बदलाल, बाकीचं राहील तसंच. एवढी लांब वाट कोण उचलतं? ती म्हणाली, लाव पैज. हरेल त्याने नव्या फळ्यांवरून सगळ्यांत आधी चालायचं.

रविवारचं उद्घाटन पुढे गेलं, आणि तिने फाटकापासून सुरुवात केली. 'टण्' म्हणणारी पहिलीच फळी उलटी केली, तर खाली बुरशीचे काळे धागे पसरलेले. दुसरीखालीही तेच. ती उकिडवी बसून बघत राहिली. त्या दिवसापासून तिने टाच आपटणं सोडलं; प्रत्येक फळी उलटी करूनच बघायची. शेवटची फळी निघाली तेव्हा मी पैज हरले होते.

नवी वाट बोटभर फटींची आहे. फटीतून खाली पाणी दिसतं, काळं, अगदी जवळ. मी वळणापर्यंत पोहोचले तेव्हा जीव मुठीत होता, म्हणून उगाच साहेबांचा आवाज काढला, "म्हणजे कसंय..."

"गप," मागून मावशी म्हणाली. ताईच्या उसन्या खुर्चीच्या मुठी तिच्या हातात होत्या. "पाऊल ऐकू दे."