नेफ्यात शिवलेला मोती

मोती या वस्तूचा मला राग आहे. लग्नात एखादी बाई मोत्याची माळ घालून शेजारी येऊन बसली की मी जागा बदलते. गावाकडचे म्हणतात, पोरगी मेडिकलला लागली आणि शिष्ट झाली. म्हणेनात का.

सुरुवात केली ती निलंग्याच्या आत्यानं. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत मी पहिल्या खेपेला आपटले होते. लातुरात दोन वर्षं क्लास करून, एका खोलीत चौघीजणी राहून, मेसचं पाण्यासारखं वरण पिऊन आपटले. लोह्याजवळच्या आमच्या गावात ही बातमी माझ्या आधी पोचली. आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, सांत्वनाला म्हणून आली आणि मोबाइल काढून बसली. त्यात बारा महिन्यांचे बारा खडे होते. मे महिन्याला पाचू, जुलैला माणिक, सप्टेंबरला नीलम. तिच्या लेकानं आदल्या वर्षी त्याच्या महिन्याचा खडा घातला आणि त्याचा नंबर लागला.

"पोरीच्या बोटात खडाच न्हाई, मंग ती तरी काय करंल?" आत्या म्हणाली.

माझं नापास होणं एका वाक्यात माफ झालं. खडा नव्हता ना, मग पोरीचा काय दोष, असं म्हणून बाबांनी मला आणखी एक वर्ष दिलं. त्यामुळं तेव्हा मी गप्प बसले. आता आत्या समोर आली की मी गप्प बसत नाही, पण त्याला फार उशीर झालाय.

पुढच्याच आठवड्यात बाबा मला नांदेडला घेऊन गेले. दुकान इतकं चिंचोळं होतं की काउंटरपुढं दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं. भिंतीवर महिन्यांचा तक्ता. दुकानदाराच्या पाच बोटांत सहा अंगठ्या, तरी बिचारा त्या बोळातच बसलेला. त्यानं जन्ममहिना विचारला.

"जून," बाबा म्हणाले.

"आई म्हणते मी दिवाळीतली आहे," मी म्हणाले.

आमच्याकडं हे असंच असतं. शाळेत नाव घालताना वय बसावं म्हणून हेडमास्तर सरसकट एक जून लिहून टाकतात. माझ्या वर्गातली निम्मी पोरं कागदावर एकाच दिवशी जन्मली आहेत. माझी धाकटी बहीण संक्रांतीच्या आसपासची, पण तीही एक जूनचीच. दुकानदार जरा घुटमळला. दिवाळी म्हणजे नोव्हेंबर धरला तर पुष्कराज येतो, म्हणाला. बाबांनी त्याला उडवूनच लावलं.

"परीक्षेच्या फॉर्मवर जून हाय. पेपर तपासणारा काय हिची दिवाळी बघत बसतोय का? फॉर्मला जुळंल असा द्या."

दुकानदाराला हे लगेच पटलं. त्याला काहीही पटलं असतं. जूनचा मोती चांदीत बसवून माझ्या बोटात आला आणि फॉर्म, मोती, मुलगी यांचं एकदाचं जुळलं म्हणून बाबा खूश झाले. येताना एसटीत माझा हात धरून धरून अंगठी बघत होते. माझ्या मार्कांचा कागद त्यांनी तोवर एकदाही असा निरखून पाहिला नव्हता.

ते वर्ष मी कसं काढलं ते मलाच ठाऊक. पहाटे चारला उठायचं, फिजिक्सची तीच ती गणितं पुन्हा सोडवायची, चुकली की वहीचं पान फाडायचं. बाबांचा फोन आला की पहिला प्रश्न, अंगठी हाय ना बोटात? हाय बाबा, हाय.

परीक्षेच्या आधी नवा घोळ. आत जाताना अंगावर धातू चालत नाही. पहिल्या खेपेला माझी कानातलीसुद्धा उतरवून घेतली होती. बाबांना ते आठवलं. त्यांनी पक्कड घेतली, चांदी वाकवली, मोती सोडवला आणि आईला सलवारीच्या नेफ्यात शिवायला लावला. नाडीच्या बाजूला, हाताला लागणार नाही असा. मोती काय मशीनला कळत नाही, म्हणाले. मेडिकलला मुलगी पाठवायला निघालेला माणूस!

पेपर लातुरातच होता, दुपारी. सकाळी खोलीच्या बाथरूममध्ये मी सेफ्टी पिन घेतली आणि टाके उसवले. एक तर मला भीती वाटत होती. नेफ्यात काहीतरी शिवून आणलेली मुलगी गेटवर सापडली तर तिला कॉपीवाली म्हणून हाकलतील. पण खरं सांगायचं तर मला भीतीपेक्षा संतापच जास्त आला होता. वर्षभर अभ्यास मी घासला होता आणि आत जाऊन पेपर सोडवायचा मान त्या गोळीएवढ्या वस्तूला? मोती कागदात गुंडाळून साबणाच्या डबीत ठेवला आणि मी एकटी गेले.

पेपर सुटला तेव्हा बाबा समोरच्या पत्र्याखाली घामानं निथळत उभे होते. तीन तासांहून जास्त वेळ ते तसेच उभे होते. पेपर कसा गेला हे त्यांनी विचारलं नाही.

"व्हता ना जागंवर?"

"होता," मी म्हणाले.

या एका शब्दानं पुढच्या सगळ्याचं वाटोळं झालं.

माझा नंबर लागला. गावात मारुतीच्या पारावर सत्कार झाला. शाल, नारळ, आणि बाबांचं भाषण. "पोरगी हुशार हायच," ते म्हणाले, "पण खड्यानं लई साथ दिली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्या पहिल्या रांगेत मान डोलावत होती. मी शाल पांघरून दात आवळून बसले. उठून सांगायला हवं होतं. पण सगळे इतके आनंदात होते, आणि खोटं मीच बोललेले. मोती देवघरात कुंकवाच्या करंड्यात जाऊन बसला.

दोन वर्षांनी बहिणीची पाळी आली. कागदावर तिचाही महिना जून, त्यामुळं बाबांनी तोच मोती काढला. आईनं पुन्हा सुईदोरा घेतला. पेपरच्या आदल्या दिवशी दुपारी बहिणीचा मला हॉस्टेलवर फोन आला. "ताई, मोती आत न्यायचं भ्या वाटायलंय. नेऊ का?" फोन स्पीकरवर होता. मागून बाबांचं खाकरणं ऐकू आलं.

"ने," मी म्हणाले. "काही होत नाही."

झालं ते असं. गेटवर झडती घेणाऱ्या बाईचा हात कमरेशी थांबला. पोरीला पडद्यामागं नेलं, नेफा उसवायला लावला. मोती हातात पडल्यावर आणखी दोघी बायका बघायला आल्या आणि हसल्या. मोती काढून ठेवला आणि अगदी शेवटच्या मिनिटाला तिला आत सोडलं. सुटलेली नाडी एका हातानं धरून ती बाकावर जाऊन बसली. अर्धा तास तिला प्रश्न वाचताच येईनात. हे तिनं संध्याकाळी फक्त मला सांगितलं. बाहेर येताना मोती परत मिळाला होता. बाबांना तिनं तो नुसता दाखवला.

ती थोडक्यात राहिली. आता बाबांचा हिशोब सरळ होता. मोठीला खडा लाभला, हिला खडा असूनही जमलं नाही, म्हणजे हिचीच कुवत नाही. मला मिळालेलं दुसरं वर्ष हिला नाही. आत्यानं तर स्थळही आणलं, उदगीरकडचं. बघायला येण्याचा वार ठरला, हे कळल्यावर मी मिळेल ती गाडी पकडून घरी आले.

बाबा ओसरीवर जेवत होते, बहीण वाढत होती. मी चप्पल काढायच्या आत बोलायला सुरुवात केली.

"बाबा, तो मोती परीक्षेत कधी गेलाच नाही. हिचा गेटवर काढून घेतला. आणि माझा मी खोलीवरच ठेवला होता. साबणाच्या डबीत."

त्यांचा घास हातातच राहिला. मला वाटलं, आता ताट भिरकावतील. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अगदी मनापासून विचारलं, "मंग तू पास झालीस कशी?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागानं. "अभ्यास करून," मी ओरडले. "अभ्यास करून झाले, बाबा!"

त्यांनी ताटातली भाकरी कुस्करली. मग बहिणीकडं न बघता म्हणाले, "त्या पाव्हण्यास्नी येऊ नका म्हणतो. पुढच्या साली बस परत."

मी जिंकले होते. हसून बहिणीकडं वळले. ती वरणाची पळी धरून तशीच उभी होती. माझ्याकडं अशी पाहत होती, जशी ती कधीच कुणाकडं पाहत नाही.

"तू घेऊन गेली न्हवतीस," ती म्हणाली. "मंग मला 'ने' कशाला म्हणालीस, ताई?"