तेजोमेघातला डाग

सरांना मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. वसईच्या आमच्या आकाशप्रेमी मंडळात त्यांचा शब्द शेवटचा. ते निवृत्त प्राध्यापक, गावात केळीची वाडी, बोलणं साजूक तुपातलं. मी मनवेलपाड्याहून दर रविवारी तिथे जाणारी शाळेतली बाई.

दक्षिणेच्या एका तेजोमेघात एक अजस्र तारा आहे. पावणेदोनशे वर्षांपूर्वी तो भडकला. सरळ निघालेला उजेड लोकांनी तेव्हाच पाहिला. आडवा गेलेला मात्र लांबच्या धुळीवर आपटून, पडसादासारखा, आत्ता कुठे पोचतोय. कळंबच्या किनाऱ्यावरून तो तारा क्षितिजाच्या जेमतेम मूठभर वर येतो, आणि नेमका तिथेच मुंबईच्या दिव्यांचा पिवळा धुरळा. म्हणून मी वेधशाळांनी सर्वांसाठी खुले ठेवलेले फोटो उतरवून घेतले. दोन वेगवेगळ्या वर्षांचे फोटो एकमेकांतून वजा केले की न बदललेलं सगळं पुसलं जातं, सरकता उजेड तेवढा उरतो. माझ्या फोटोत एक डाग उरला.

सरांना दाखवला. सगळ्यांसमोर चष्मा वर करून म्हणाले, "बाई, स्क्रीन पुसत जा." सगळे हसले. मीही हसले, याचा राग अजून जात नाही. फाइल मात्र त्यांनी ठेवून घेतली.

चार महिन्यांनी मंडळाच्या स्मरणिकेची प्रुफं शुद्धलेखनासाठी माझ्याकडे आली. सरांच्या लेखात तोच डाग, 'मला गवसलेला प्रकाशाचा पडसाद' म्हणून. माझं नाव औषधालाही नाही. अंगाची लाही लाही झाली. पण एव्हाना मी तिसऱ्या वर्षाचा फोटो ताडून पाहिला होता. कॅमेरा सरकला की डागही सरकत होता. शेजारच्या ठळक ताऱ्याचं ते भिंगातलं प्रतिबिंब होतं, बाकी काही नाही. एक फोन केला असता तर लेख थांबला असता. मी केला नाही. सगळ्या वेलांट्या नीट केल्या, ती चूक तेवढी जिवापाड जपली.

प्रकाशनाला हॉल भरला होता. सरांचं भाषण झाल्यावर मी उठले, तिसरा फोटो पडद्यावर लावायला सांगितला आणि विचारलं, "सर, हा पडसाद कॅमेऱ्याच्या मागे मागे कसा फिरतो?" त्यांचा चेहरा उतरला. मी तो डोळे भरून पाहिला, जीव गार झाला.

सरांनी पाण्याचा घोट घेतला. "प्रामाणिकपणे सांगतो," ते म्हणाले, "हे काम मुळात या बाईंचं. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. नवशिक्यांकडून होतं असं, आपण सांभाळून घ्यायचं." लोकांनी टाळ्या वाजवल्या, सरांच्या मोठ्या मनासाठी.

मी तोंड उघडलं. पण सांगणार काय? की मला ठाऊक होतं आणि मी मुद्दाम गप्प बसले?

पुढच्या रविवारी प्रत्येक स्मरणिकेत शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवली गेली. लेखातला डाग खोटा आहे आणि ती चूक कोणाची, हे त्यात दिलं होतं. माझं नाव छापलं होतं, नवऱ्याच्या नावासकट, ठळक अक्षरांत.