करवंटीतला भात

माझ्या सासऱ्यांइतका अन्नाचा मान राखणारा माणूस अख्ख्या मुरबाड तालुक्यात दुसरा झाला नाही. एवढंच, की ज्या जेवणांची त्यांनी मनापासून तारीफ केली, त्यांतलं एकही खाण्याजोगं नव्हतं.

ते टोकावड्याजवळच्या एका गावचे पोलीस पाटील. एरवी भाताच्या खाचरात गुडघाभर चिखलात असत. तालुक्याचा साहेब येणार असला की काळा कोट आणि तांबडा फेटा बाहेर निघे. हा सरंजाम आणखी एकाच ठिकाणी जाताना चढे : माझ्या मुलीच्या भातुकलीला. ओट्याच्या कोपऱ्यात ती पळसाचं पान मांडी, करवंटीतून तांबड्या मातीचा भात आणि चिंचोक्यांचे लाडू वाढी. हा सहा फुटी गृहस्थ वहाणा काढून, पाय धुऊन, पानाभोवती पाणी फिरवून बसे आणि चांगले मोठ्याने भुरके मारी. सासूबाईंच्या खऱ्या आमटीला त्यांनी जन्मात ‘बरी झालीय’ म्हटलं नव्हतं. इथे मात्र ढेकर. लाडू तेवढे ‘घरी पोरांना नेतो’ म्हणून कोटाच्या खिशात टाकीत.

मला या थाटाचा राग येई. कारण मुलगी तीन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. दात वेळेवर आले, पाऊल वेळेवर पडलं, शब्द तेवढा आला नाही. वेखंड उगाळून जिभेला लावून झालं, देवळातल्या घंटेवरून ओतलेलं पाणी पाजून झालं. मी शहापूरला मास्तर. दुसऱ्यांच्या पोरांकडून बाराखडी घोकून घेताना माझाच आवाज बसे. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सासुरवाडीला होतो. शेजारीण ‘मुकी नाय ना गो?’ असं सहज विचारून गेली, त्या दिवशी बायको जेवली नाही. शेवटी सोमवारी मुलीला मुंबईच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं.

“जावईबापू,” सासरे म्हणाले, “तिला बोलायचं काम पडलं नाय अजून. पडंल.”

शनिवारी भरदुपारी मुरबाडच्या कचेरीतला कारकून घोड्यावरून दारात उतरला. सासरे पंगतीत होते.

“पाटील!” कारकून गरजला.

“जेवतोय, रावसाहेब. पान टाकून उठलो त यजमानीन रुसंल. तुमी पन बसा.”

दाराआड आम्ही नवराबायको गारठलो. मुलगी मुकी, त्यात आता पाटीलकी जाणार. कारकुनाने मातीच्या ढिगाकडे पाहिलं, सासऱ्यांच्या कोटाकडे पाहिलं. उन्हाने हैराण झाला असावा. मुकाट्याने दुसऱ्या पानावर बसला.

“पाव्हण्याला वाढ गो, माझे बाय. उपाशी आलाय.”

मुलीने करवंटी त्याच्या पानावर उपडी केली. काही पडलं नाही. हलवली, आत बोट फिरवून पाहिलं. मग कारकुनाकडे वर बघून म्हणाली, “संपला.”

बायकोच्या हातातला तांब्या पडला. सासऱ्यांचा मातीचा घास तोंडाशीच थांबला.

“असू दे, बाळ,” कारकून बिचारा म्हणाला, “मला भूक नाही.”

“असं कसं? ताजा लाव गो,” सासरे म्हणाले. त्यांनी हाताच्या पाठीने डोळे पुसले, तशी मिशीभर माती झाली.

सोमवारी आम्ही मुंबईला गेलो नाही.

पुढे मुलगी इतकी बोलू लागली की एके दिवशी तिने आजोबांना बजावलं, “मोठी माणसं नाय घ्यायची आता.” ते दोन-तीन दुपारी कोट घालून ओट्यावर नुसते बसले, मग कोट खुंटीला गेला.

ते वारल्यावर तो कोट झटकताना खिशातून ओंजळभर चिंचोके निघाले. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला, मग चिंचोके भाजायला घेतले.

सगळे किडके निघाले.