चव्हाण मॅडम

शिला सहा वर्षांची होती तेव्हा तिला आश्रमशाळेत टाकलं. शिरड शहापूरच्या पुढं माळावर त्यांचा बंजाऱ्यांचा तांडा. दसरा झाला की निम्मा तांडा ऊस तोडायला घाटाखाली निघून जायचा. तिचे आईबाप, नेमसिंग आणि गमलीबाई, तेही जायचे. मोठा भाऊ धर्मसिंग मोळ्या उचलायच्या कामाचा झाला होता, त्याला सोबत नेला. शिला लहान, थंडीत खोकायची. नेमसिंग म्हणाला, पोरगी शिकंल, चार घास सुखाचे खाईल.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या रांगेत तिनं वाढणाऱ्या बाईकडं बाटी मागितली. घरी भाकरीला बाटीच म्हणायचे. रांगेतली पोरं हसली. गुरुजींनी तिला ताट घेऊन बाजूला उभं केलं आणि म्हणाले, "भाकरी म्हण. म्हटलं की मिळंल." शिलानं तोंड उघडलं नाही. सगळ्यांची जेवणं उरकली, ताटं घासून झाली. मग तिनं म्हटलं. गुरुजी काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी स्वतःच्या हातानं तिला भाकरी वाढली, वर गुळाचा खडा दिला आणि पाठीवरून हात फिरवला. शिलाच्या मनात तो गुळाचा खडाच जास्त राहिला.

चौथीत ती वर्गात पहिली आली. सातवीत तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळालं. परीक्षक म्हणाले, मुलीची वाणी किती शुद्ध आहे. सुट्टीत तांड्यावर गेली की गमलीबाई तिला जवळ घेऊन गोरमाटीत, तांड्याच्या बोलीत, बोलत राहायची आणि शिला मराठीत उत्तरं द्यायची. आईला मराठी येत होतं. बाजारात, मुकादमाशी, दवाखान्यात ती मराठीच बोलायची. त्यामुळं अडायचं काही नाही. शेजारणी म्हणायच्या, तुझी पोरगी तर बाईसाहेब झाली. गमलीबाईला त्याचा अभिमान वाटायचा. ती लेकीला जवळा बाजार या गावी न्यायची आणि दुकानदाराशी भाव करायला तिलाच पुढं करायची.

डी.एड. झाल्यावर शिलाला वसमतच्या एका खासगी शाळेत नोकरी लागली. लग्न हरीश चव्हाणशी झालं. तोही तांड्यावरचाच, साखर कारखान्यात क्लार्क. लग्न मंगल कार्यालयात, दोन तासांत. नवरीनं आईच्या गळ्यात पडून सूर धरून रडायची तांड्याची रीत असते, पण पुढच्या लग्नवाल्यांची घाई होती. ते राहूनच गेलं.

वसमतला त्यांनी सुमनबाईंच्या घरात वरच्या दोन खोल्या घेतल्या. पहिल्याच दिवशी सुमनबाईंनी विचारलं, "चव्हाण म्हंजी कुठले? आमच्या माहेराकडंबी चव्हाण हायेत."

हरीश म्हणाला, "औंढ्याकडचे."

सुमनबाईंना जे वाटायचं ते वाटलं. हरीशनं खोटं काही सांगितलं नव्हतं. त्यानं फक्त पुढचं सांगितलं नाही. त्या एका शब्दाच्या आडोशाला त्यांचा संसार उभा राहिला. हळदीकुंकवाची बोलावणी आली. दीक्षा जन्मली तेव्हा सुमनबाईंनी बाळंतिणीला डिंकाचे लाडू करून दिले. शाळेत चव्हाण मॅडमचं नाव झालं. कुणी पोरगं 'न्हाई' म्हणालं तर मॅडम त्याला 'नाही' म्हणायला लावायच्या, गोडीनं, पण म्हटल्याशिवाय खाली बसू द्यायच्या नाहीत. आईबाप भेटायला आले तर हरीश त्यांना बसस्टँडवर भेटायचा, हॉटेलात जेवू घालायचा, गाडीत बसवून द्यायचा. नेमसिंगनं एकदाही घर कुठं आहे असं विचारलं नाही.

दीक्षा पाचवीत होती त्या वर्षी गमलीबाईला लकवा मारला. डावं अंग लुळं पडलं. धर्मसिंग तिला जीपमध्ये घालून वसमतला घेऊन आला. आठवडाभर दवाखान्यात काढल्यावर डॉक्टर म्हणाले, आता औषधं आणि मालिश, घरी न्या, पण लगेच लांब नेऊ नका. घरी म्हणजे शिलाच्याच घरी न्यायचं होतं.

गमलीबाईच्या अंगावर फेटिया, म्हणजे घेरदार घागरा होता, आरशांची कांचळी, म्हणजे चोळी होती आणि दोन्ही दंडांवर कोपराच्या वर पांढऱ्या बांगड्यांचा चुडा. लग्नात चढवलेला. तिच्या पिढीच्या बायका तो नवऱ्याच्या मरणाशिवाय उतरवत नाहीत. डावा हात सुजला होता. नर्सनं सांगितलं, या हातातल्या काढाव्या लागतील, रुतायला लागल्यात. बांगड्या निघेनात. वॉर्डबॉयनं लोखंड कापायच्या पात्यानं एकेक कापून काढली. गमलीबाई उजव्या हातानं त्याचं मनगट धरायला बघत होती, पण हातात जोर नव्हता.

डावा हात झाला. वॉर्डबॉय उठायला लागला, तेव्हा दारातून हरीश हळू आवाजात म्हणाला, "शिला, घरी जिन्यावरून न्यायचंय. सुमनबाई खालीच बसलेल्या असतात."

शिलानं आईकडं बघितलं नाही. वॉर्डबॉयला म्हणाली, "उजव्यातल्याही काढा."

मग तिनं आईला गाऊन घातला, केसांना लोंबणाऱ्या टोपल्या, ते चांदीचे दागिने, काढून ठेवल्या आणि डोक्याला स्कार्फ बांधला. जिना चढताना सुमनबाईंनी विचारलंच, कोण म्हणून. हरीश म्हणाला, "नात्यातल्या. गावाकडच्या."

घरी आल्यावर शिलाच्या लक्षात आलं की आईचं मराठी गेलं आहे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, असं होतं कधी कधी, नंतर शिकलेली भाषा पुसली जाते आणि मूळची राहते. गमलीबाईला आता फक्त गोरमाटी येत होती. जीभ जड, शब्द अर्धे. शिलाला ते कळायचं. पाणी हवंय, कूस बदलायची, खिडकी उघड. पण बोलायला गेली की तोंडात मराठीच यायचं. अडखळत दोन शब्द जोडायची, ते तिच्याच कानाला परके वाटायचे, आणि आवाज तर मॅडमचाच निघायचा.

गमलीबाई तिच्याकडं बघत राहायची. स्वच्छ साडीतली, चष्मा लावलेली, मराठी बोलणारी बाई. एका सकाळी शिला तिला पेज भरवत होती. दोन घास घेऊन म्हातारीनं चमचा बाजूला सारला आणि अजिजीनं विचारलं, "मारी छोरी कत छ?"

माझी पोरगी कुठं आहे.

शिला म्हणाली, "मीच आहे ना. मी शिला." मग म्हणाली, "याडी, मीच."

याडी, म्हणजे आई, हा शब्द ऐकून गमलीबाईचा चेहरा क्षणभर हलला. पण तिनं आपला उघडा दंड बघितला, मग खोली बघितली आणि पुन्हा तेच विचारलं. दवाखान्यातल्या बाईला विचारावं तसं, उजवा हात छातीशी धरून. दीक्षा दारात उभी होती. "आई, ही आजी काय म्हणते?" तिनं विचारलं. शिला उठून मोरीत गेली आणि वाटी घासत बसली.

दुसऱ्या आठवड्यात नेमसिंग आला. हरीश कारखान्यावर होता, म्हणून तो पत्ता विचारत पहिल्यांदाच घरापर्यंत पोचला. चप्पल जिन्याखाली काढून वर आला. खाटेजवळ बसला. बायकोच्या दंडावर जिथं चाळीस वर्षं ऊन लागलं नव्हतं, ती फिकट कातडी त्यानं बोटानं चाचपली.

"डाक्टरनं काढायला लावला?" त्यानं विचारलं.

"डाव्या हाताला सूज होती, बापू."

"अन् उजवा?"

शिलानं चादर आईच्या दंडावर ओढली.

नेमसिंगनं आवाज चढवला नाही. तो म्हणाला, "मी तं जिता हाव ना, पोरी." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "तुला तकलीफ हून राहिली. कळते मला. मी नेतो हिला."

"डॉक्टर नाही म्हणाले."

"डाक्टरला काय. इथं ती कुणाशी बोलंल?"

त्यानं धर्मसिंगला फोन करून जीप मागवली. गमलीबाई नवऱ्याला बघून रडली, मग हसली. त्याच्याशी ती इतकं बोलली की शिलाला त्यातलं अर्धंही कळलं नाही. जीप निघताना सुमनबाई ओट्यावर होत्या. त्यांनी तांबड्या पागोट्यातल्या नेमसिंगला बघितलं आणि नजर शिलाकडं वळवली.

महिन्याभरात गमलीबाई गेली. शिला पोचली तेव्हा प्रेत अंगणात घेतलं होतं. फेटिया, कांचळी घातली होती. तांड्यातल्या दोघी म्हाताऱ्यांनी आपापल्या चुड्यातल्या दोन-दोन बांगड्या काढून तिच्या दंडांवर चढवल्या होत्या, नवरा जिता असताना बाई मोकळ्या हातानं जाऊ नये म्हणून. शिला आल्याबरोबर बायका तिच्या गळ्यात पडल्या आणि सूर धरून रडायला लागल्या. एक ओळ त्या म्हणत आणि थांबत. पुढची ओळ लेकीनं म्हणायची असते. आईनं कसं वाढवलं, कुठं कुठं पाठीवर वाहिलं, आता कुणाच्या दारात जाऊ. शिलाला अर्थ लागत होता. तिच्याकडं ओळ नव्हती. ती नुसती हुंदके देत राहिली. तिसऱ्यांदा सूर तुटला तेव्हा धर्मसिंगची बायको पुढं झाली आणि लेकीच्या जागी बसून तिनं ते पुरं केलं. कुणी शिलाला बोल लावला नाही. तिला पाणी आणून दिलं आणि प्लास्टिकची खुर्ची दिली. अंगणात तेवढी एकच खुर्ची होती.

वसमतला परतल्यावर सुमनबाईंनी विचारलं, "कोण वारलं?"

"माझी आई," शिला म्हणाली. "त्या दिवशी वर आणली होती, तीच. आम्ही तांड्यावरचे आहोत."

सुमनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मंग आधी काहून सांगितलं न्हाई? आमी काय खाऊन टाकलं असतं का तुमाला?" त्यांनी रात्रीचा स्वयंपाक वर पाठवला. शिलाला वाटलं, एवढी वर्षं आपण उगाच भ्यालो. पण चैत्रातल्या हळदीकुंकवाला बोलावणं आलं नाही. दीक्षानं खाली खेळायला जाणं हळूहळू बंद केलं. का ते तिनं सांगितलं नाही आणि शिलानंही विचारलं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत शिला लेकीला घेऊन तांड्यावर गेली. बाजेवर नेमसिंग बसला होता. दीक्षाला बघून उठला, पागोटं सावरलं. "या, बसा," तो नातीला म्हणाला. "च्या घेता का तुमी?"

शिला म्हणाली, "बापू, तिला अहोजाहो काहून करता? आपल्या बोलीत बोला ना तिच्याशी. तिला शिकवा थोडं."

नेमसिंगनं दीक्षाकडं बघितलं. ती मोबाईल मांडीवर ठेवून अंग चोरून बसली होती.

"कुणासाठी शिकवू?" तो म्हणाला. "तुझ्या याडीसंगं बोलायचो मी. धर्मसिंगचे पोरं बी आता शाळेतून आले की मराठीच बोलतेत. मी दिवसभर गप बसून ऱ्हातो."

चहा झाला. शिलानं दोन दिवस राहायचं ठरवलं होतं. संध्याकाळी दीक्षा म्हणाली, "आई, घरी जाऊ या." शेवटची एसटी साडेपाचला होती. नेमसिंग त्यांना फाट्यापर्यंत सोडायला आला आणि गाडी येईपर्यंत तिघंही रस्त्याकडं बघत उभी राहिली.