घोडीच्या मानेवरचा भोवरा

घोडी आमच्या घरात माझ्या आधी आलेली, म्हणून मान तिचा मोठा. लग्न होऊन घनसावंगीला आले तेव्हा सासूबाईंनी मला आधी देव दाखवले, मग घोडी, आणि चूल शेवटी. पांढरीशुभ्र होती, अन् बँडच्या दणक्यातही शांत उभी राहायची. लग्नाआधी नवरदेव घोडीवर बसून मारुतीच्या दर्शनाला निघतो, त्याला आमच्याकडे परण्या म्हणतात. आसपासच्या कुठल्याही गावचा परण्या असो, घोडी आमच्या सासऱ्यांचीच लागायची.

का लागायची, ते मला उशिरा कळलं. ठरवायला आलेली माणसं तिची चाल बघत नसत, तिच्या अंगावरचे भोवरे बघत. केस गोल फिरलेले असतात ना, ते. कपाळावरचा चांगला. मानेच्या बगलेला असला तर खोडीचा, म्हणजे नवरा-बायकोत भांडणं लावणारा. सासरे यात एकदम पक्के; चांगली चांगली जनावरं त्यांनी बाजारात एका भोवऱ्यापायी सोडून दिली होती. मला भारी नवल वाटायचं. केसांना काय कळतं बाई कुणाच्या संसारातलं? एकदा तर मी घरातल्या सगळ्यांची डोकी तपासली. नवऱ्याच्या डोक्यात दोन भोवरे निघाले. दोन भोवरेवाल्याची दोन लग्नं होतात म्हणे. पुढं कितीतरी दिवस मी त्याला सुखानं जेवू दिलं नाही.

मग एका हिवाळ्यात घोडीला ताप भरला. टेम्पोत घालून तिला जालन्याला जनावरांच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. सासऱ्यांसोबत मीही गेले होते. डॉक्टर आत जेवत होते, सुई त्यांच्या माणसानं टोचली. शेजारच्या म्हशीला टोचलेलीच सुई त्यानं फडक्याला पुसली आणि घोडीच्या मानेत घातली. उकळायची नाही का, असं मी विचारलंसुद्धा. तो म्हणाला, बाई, जनावर आहे ते.

ताप गेला, पण मानेच्या बगलेला गाठ आली. गाठ पिकली, फुटली, मोठी जखम झाली. सासूबाईंनी हळद भरून भरून ती बरी केली. पुढं तिथं नवे केस आले ते गोल फिरून. अगदी भोवरा! सासऱ्यांनी बोटानं केस उलटे करून बघितले, पुन्हा बघितले, आणि तिथंच गव्हाणीवर बसले.

लोकांनी घोडी ठरवायची बंद केली. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण भोवरा जन्माचा असतो, नंतर येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. म्हणजे तो आधीपासून होता आणि म्हाताऱ्यानं साजाखाली झाकून आमची पोरं खोडीच्या घोडीवर बसवली, असं गावोगाव झालं. कुणाची सून माहेरी जाऊन बसली, तो घोडीचा दोष. कुणाचा जावई दारू प्यायला लागला, तोही घोडीचाच. आधी मला हसू आलं. मग सासरे बाजारात जायचे बंद झाले, आणि माझं हसू पळालं. जन्मभर कुणाला फसवलं नाही त्या माणसाला लोक तोंडावर लबाड म्हणायला लागले होते.

आम्ही पुन्हा जालन्याला गेलो. डॉक्टर माणूस वाईट नव्हता. त्यांनी जखमेची खूण बघितली, झालेला खर्च परत देतो म्हणाले, मलमही देऊ केलं. सासऱ्यांना त्यातलं काही नको होतं. त्यांचं मागणं एकच, आठवडी बाजारात येऊन चार लोकांत सांगा, हे तुमच्या सुईनं झालं. डॉक्टर हसले. भोवरा-बिवरा ही अंधश्रद्धा, शिकल्या-सवरल्या माणसानं त्यापायी बाजारात उभं राहायचं का, असं म्हणायला लागले. माझं डोकंच फिरलं.

"भोवरा खोटा आसंल साहेब," मी म्हणाले, "पण सुई तर खरी व्हती ना?"

त्यांनी वळून आपल्या माणसाला विचारलं, सुई उकळली होती का. तो म्हणाला, जनावरच तर आहे, साहेब. डॉक्टरांचा चेहरा उतरला. बाजार कोणत्या वारी असतो, एवढंच त्यांनी मग विचारलं.

आणि आले की खरंच! चहाच्या गाड्यांसमोर घोडीच्या मानेवर हात ठेवून त्यांनी सांगितलं, हे आमच्या दवाखान्यातल्या घाण सुईनं झालं, आधी इथं काहीच नव्हतं, यांनी कुणाला फसवलं नाही. गर्दीतून एक जण म्हणाला, मंग तुमच्या पोराला बसवा हिच्यावर. डॉक्टर म्हणाले, मला पोरीच आहेत. सगळे हसले. मग तोच माणूस सासऱ्यांकडं वळला. आमच्या धाकट्या दिराचं लग्न नुकतंच ठरलं होतं, ते त्याला माहीत होतं.

"मंग तुमचा धाकटा बसंल का?"

सासऱ्यांनी भोवऱ्यावरून बोट फिरवलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. अख्ख्या बाजारात भोवऱ्याला सगळ्यात जास्त मानणारा माणूस तोच होता. शेवटी ते म्हणाले, बसंल.

सासूबाईंनी त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं टाकलं. दुसरी घोडी आणा, असा निरोप माझ्याकरवी जायचा आणि उत्तर न घेता परत यायचा. मला राहवेना. एकदा मी विचारलंच, मामा, तुम्ही भोवरा मानता का न्हाई?

"मानतो," ते म्हणाले. "म्हणून तर भ्या वाटून राह्यलं."

परण्याच्या दिवशी घोडी सजवली. झूल घातली, पायात घुंगरं बांधली. मानेचा साज चढवला तसा सासऱ्यांनी तो स्वतःच्या हातानं काढून ठेवला. मान उघडी. भोवरा सगळ्या गावाला दिसत होता. दीर वर बसला, बँड सुरू झाला. डॉक्टरही आले होते, ते बँडवाल्यांच्या मागं उभे होते.

सासूबाई ओवाळायला ताट घेऊन आल्या. घोडीच्या कपाळाला कुंकू लावायची रीत. त्यांचा हात कपाळापर्यंत गेला आणि थांबला. मग त्या बगलेला सरकल्या, बोटभर कुंकू घेऊन त्यांनी ते भोवऱ्यावर लावलं, आणि कितीतरी दिवसांनी सासऱ्यांशी बोलल्या.

"चला," म्हणाल्या, "उशीर व्हतोय."