फीचरिंग आक्का

७ मे. कुरडयांचा चीक गॅसवर घेतला आणि पहिल्याच ढवळण्याला गुठळी झाली. आक्का असती तर माझ्या माहेरासकट उद्धार झाला असता. पंधरा वर्षं आम्ही दोघी मिळून कुरडया घालत होतो. मी चीक ढवळायचा, तिनं सोऱ्या दाबायचा. माघात ती गेली. यंदा दोन्ही कामं माझ्याकडे आली आणि गुठळीला कुणी काही बोललं नाही.

आक्का आष्ट्यात आमच्या शेजारी राहायची. पोटापाण्यासाठी ब्लाउज शिवायची, पण ओळख टोमण्यांची. गल्लीत मुलीचं लग्न असलं की विहिणीवर गाणी म्हणायला आक्का हवीच. पंगतीत ती नवऱ्यामुलाच्या आईसमोर उभी राहायची आणि नथीपासून भुकेपर्यंत सगळं चालीवर काढायची. नियम एकच, नाव घ्यायचं. "नाव न घेता बोललं की ती चुगली," ती म्हणायची. "नाव घेऊन म्हटलं की मान."

माझा पुतण्या संकेत रॅप करतो. उसाच्या मुलखातला आणि अंगानं काटकुळा, म्हणून त्यानं स्वतःचं नाव 'एमसी चिपाड' ठेवलं. त्याची गाणी घरातलेही ऐकत नव्हते. तीन वर्षांपूर्वी त्याला लग्नावरच्या गाण्यात मध्येच एका बाईचा आवाज हवा होता. त्यानं माझ्या कोठीच्या खोलीत गाद्या उभ्या केल्या, आक्काच्या हातात माइक दिला आणि विहिणीचं कुठलंही नाव घाला म्हणाला.

"कुठलंबी कसं घालू? खोट्या इहिणीला काय बोलायचं?" आक्का म्हणाली, आणि तिला जी एकुलती खरी विहीण होती तिचं नाव घातलं.

इहीण माजी हिराबाय, बसली पाटावरी,
अकरा पोळ्या खाऊन म्हणती, भूक न्हाई बरी.

साताऱ्यापासून सांगलीपर्यंत या गाण्याशिवाय वरात निघेना. आम्ही महाबळेश्वरला गेलो तर टॅक्सीवालाही तेच लावून बसलेला. चिपाडाचा एक शब्द कुणाला येत नव्हता, अकरा पोळ्या सगळ्यांना पाठ. मोबाइलच्या पडद्यावर गाण्याच्या नावापुढे 'फीचरिंग आक्का' असं झळकायचं, म्हणून रेशनच्या रांगेतही तिला त्याच नावानं हाक पडू लागली. आक्का मान वळवून बघायची, साडी चांगली असेल तर.

अडचण माण तालुक्यात झाली. आक्काची एकुलती मुलगी शोभा दहिवडीजवळ दिलेली आणि तिची सासू म्हणजेच हिराबाई. त्या दळण घेऊन निघाल्या की पारावरचे रिकामटेकडे पोळ्या मोजायला लागायचे. शोभाला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. हिराबाईंचा निरोप आला की सून पाठवणार नाही. अकरा पोळ्यांचं घर आहे, तिला इथं काही कमी पडणार नाही.

आक्का दोन दिवस मशीनवर बसली नाही. चिपाडानं घाबरून नावाच्या जागी पिपाणीचा आवाज घातला. मग पिपाणी वाजली की लोक हिराबाईंचं नाव दुप्पट जोरात ओरडायला लागले.

शेवटी चूक आक्कालाच सापडली, माझ्या मोरीत भांडी विसळताना. "मांडवात मी म्हटलं की लगीच ती उलटं म्हणती. हितं मी बोलून घेतलं आन तिला पाळीच दिली न्हाई. ही मस्करी न्हवं वैनी, चोरी झाली."

दुसऱ्या दिवशी आक्का, मी आणि चिपाड एसटीनं दहिवडीला गेलो. हिराबाईंनी पाणी दिलं, चहा विचारला नाही. आक्कानं चिपाडाचा माइक त्यांच्यापुढे ठेवला. "तुमची पाळी ऱ्हायलीया, इहीणबाई. म्हणा."

हिराबाईंनी माइक जवळ ओढला. मग त्यांनी पदर खोचला.

इहीण माजी आक्काबाय, कुरडई तिची काळी,
शेळीम्होरं टाकली तर शेळी देती गाळी.

आक्कानं ते परत म्हणायला लावलं, आणि दुसऱ्यांदा ऐकताना डोळे पुसण्याइतकी हसली. मग चहा आला. हिराबाईंनी शोभाला पिशवी भरायला सांगितलं. ती सकाळपासूनच भरून बसली होती. गाण्याला दुसरं कडवं जोडलं गेलं, पडद्यावर दोन्ही विहिणींची नावं आली, आणि नात आष्ट्यात झाली.

आज मी एकटीच सोऱ्या दाबत होते, तेवढ्यात हिराबाईंचा फोन आला. महिनाअखेरीस त्यांच्या धाकट्याचं लग्न आहे. मुलीकडची माणसं लय सभ्य निघाली म्हणे. "नुसतं हात जोडत्यात. वैनी, माजं नाव घ्यायला आता कोन हाय? तुमी या."

मला गाता येत नाही, असं मी सांगितलं.

"आक्काला तरी कुठं येत हुतं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

८ मे. सकाळी गच्चीत जाऊन कुरडया उलटल्या. काळ्याच पडल्या होत्या. खाली आले, कोठीच्या खोलीत गाद्या उभ्या केल्या, दार लावलं आणि हिराबाईंचं नाव घेतलं.